९७ वर्षं चाललेलं हॉटेल 'अपयशी' कसं ठरतं? विषयाकडून संशोधन-प्रश्नाकडे



पेटच्या मुलाखतीची तयारी करणारे बरेच जण एक वाक्य हमखास बोलतात: "विषय ठरलाय, फक्त प्रश्न ठरायचाय." खरं सांगायचं तर प्रश्न ठरत नाही तोपर्यंत विषय ठरलेलाच नसतो. 'स्थलांतरित कुटुंबांचा खाद्यव्यवसाय' हा विषय झाला. यावर पुस्तक वाचता येईल, व्हिडिओ बनवता येईल, पण पीएच.डी. करता येणार नाही. कारण यात काय शोधायचं आणि ते सापडलं हे कसं कळणार, याचा पत्ता नाही.

आज एकच उदाहरण घेऊन विषयापासून प्रश्नापर्यंत कसं जायचं ते पाहू. उदाहरण मुद्दाम लांबचं घेतलंय: अमेरिकेत आपल्या घरच्या पोलिश स्वयंपाकावर हॉटेल उभं करणारं एक कुटुंब. आपल्याकडची मिसळ किंवा खानावळ घेतली असती तर आपली मतं आधीच तयार असतात. पिरोगीबद्दल तुमचं काही मत नसेल, त्यामुळे डोकं मोकळं राहील. (पिरोगी म्हणजे मैद्याच्या पारीत बटाटा, चीज, कोबी किंवा मांसाचं सारण भरून, उकळत्या पाण्यात शिजवलेली अर्धचंद्राच्या आकाराची करंजीच समजा. नंतर ती बऱ्याचदा लोणी-कांद्यावर परततात.)

केस काय आहे?

अमेरिकेच्या ओहायो राज्यात क्लीव्हलँड नावाचं शहर आहे. तिथल्या ट्रेमाँट भागात, कायाहोगा नदीच्या वरच्या कड्यावर 'सोकोलोव्स्कीज युनिव्हर्सिटी इन' नावाचं हॉटेल होतं. मायकेल आणि व्हिक्टोरिया सोकोलोव्स्की या जोडप्याने ते १९२३ मध्ये सुरू केलं. सुरुवात टॅव्हर्न म्हणून झाली आणि पुढे त्याचं कॅफेटेरिया झालं. म्हणजे हातात ट्रे घ्यायचा, रांगेतून पुढे सरकायचं, समोर वाफेवर ठेवलेल्या पदार्थांतून हवं ते वाढून घ्यायचं. आपल्या कँटीनसारखंच. खाली नदीकाठी पोलादाचे कारखाने, त्यामुळे कष्टकरी गिऱ्हाईक हाताशी. तीन पिढ्यांनी हे हॉटेल चालवलं. २०१४ मध्ये त्याला जेम्स बिअर्ड फाउंडेशनचा 'अमेरिकाज क्लासिक्स' हा सन्मान मिळाला. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या, आपल्या परिसराची ओळख बनलेल्या खाद्यगृहांना तो दिला जातो. २०२० मध्ये कोरोनाच्या काळात हॉटेल आधी तात्पुरतं बंद झालं आणि त्याच वर्षी ते कायमचं बंद करत असल्याचं कुटुंबाने जाहीर केलं.

ही झाली गोष्ट. आता यातून प्रश्न काढायचाय.

पायरी १: 'पोलिश' म्हणजे कोण?

सिनॉप्सिसमध्ये आपण सरळ लिहून टाकतो, "पोलिश स्थलांतरितांचा अभ्यास". पण यातले बहुतेक लोक अमेरिकेत आले १८७० ते १९१४ या काळात, आणि तेव्हा जगाच्या नकाशावर पोलंड नावाचा देशच नव्हता. १७९५ मध्ये रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी त्याचा उरलासुरला भागही वाटून घेतला होता. पोलंड परत स्वतंत्र झाला तो १९१८ मध्ये.

याचा डेटावर काय परिणाम होतो? १९१० च्या अमेरिकन जनगणनेच्या जन्मदेशाच्या तक्त्यांत पोलंडमध्ये जन्मलेले लोक रशिया, जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांच्या आकड्यांत वाटले गेले आहेत. तुम्ही फक्त जन्मदेशाचा रकाना पाहिलात, तर हजारो पोलिश माणसं तुमच्या नमुन्यातून गायब होतील आणि तुम्हाला कळणारही नाही. सुदैवाने त्याच जनगणनेत मातृभाषाही विचारली होती. म्हणून इथे जन्मदेशापेक्षा मातृभाषा हा जास्त भरवशाचा निर्देशक ठरतो.

एक उपयोगाची माहिती: अमेरिकन जनगणनेतल्या व्यक्तींच्या नावानिशी नोंदी ७२ वर्षांनी खुल्या होतात. १९५० च्या नोंदी २०२२ मध्ये खुल्या झाल्या. म्हणजे एखाद्या कुटुंबाचा व्यवसाय, घर, भाषा या गोष्टी १९५० पर्यंत दर दहा वर्षांच्या टप्प्याने पाहता येतात.

आता आणखी एक बारकावा. हॉटेल १९२३ मध्ये 'टॅव्हर्न' म्हणून सुरू झालं. पण १९२० ते १९३३ या काळात अमेरिकेत दारूबंदी होती! मग १९२३ चा टॅव्हर्न म्हणजे नेमकं काय? इथे अंदाज बांधायचा नसतो. हा शब्द त्या काळच्या कागदात आहे, की पुढे कुटुंबाने आठवणी सांगताना वापरला, हे आधी तपासायचं. शहराच्या जुन्या व्यवसाय-सूची, परवान्यांची दप्तरं, जनगणनेतला 'व्यवसाय' हा रकाना, या सगळ्यांत तोच पत्ता शोधायचा. एका साध्या शब्दाने दोन महिन्यांचं काम दिलं बघा.

पायरी २: 'वारसा' मोजायचा कसा?

या हॉटेलात पिरोगी आणि कोबीच्या पानात गुंडाळलेलं मांस-भाताचं सारण मिळायचं. हे पोलिश झालं. पण त्याच रांगेत चिकन पॅप्रिकाश असायचं, जे मूळचं हंगेरियन. सॉल्सबरी स्टेक असायचा, जो अस्सल अमेरिकन. आणि शेजारच्या लेक ईरीमधला पर्च मासाही असायचा. मग याला 'पोलिश वारशाचं हॉटेल' म्हणायचं का?

गावाकडचे लोक जसे होते तसे तिथेच राहिले आणि शहरात गेलेले बदलले, अशी आपली सवयीची समजूत असते. स्थलांतरितांच्या स्वयंपाकात बरेचदा उलट घडतं. १९२४ मध्ये अमेरिकेने नवा इमिग्रेशन कायदा केला. १८९० च्या जनगणनेत ज्या देशाचे जितके लोक होते, त्याच्या २ टक्के एवढाच वार्षिक कोटा त्या देशाला मिळाला. १८९० पर्यंत पूर्व युरोपातून आलेले लोक तुलनेने कमी होते, म्हणून तिथला ओघ एकदम आटला. आपलं हॉटेल त्याच्या एकच वर्ष आधी उघडलं होतं! नवीन माणसं येणं जवळपास थांबलं की नवीन चवीही येत नाहीत. जुन्या खेड्यांतल्या पाककृती इकडे गोठून राहतात, आणि तिकडे पोलंडमध्ये दोन महायुद्धं, कम्युनिस्ट राजवट, सरकारी अनुदानावरचे स्वस्त 'मिल्क बार' यांतून रोजचं जेवण वेगळ्याच वाटेने बदलत जातं.

दुसरीकडे, गोठलेल्या गोष्टीतही बदल शिरतो. पोलंडमध्ये बटाट्याच्या पिरोगीत 'त्वारुग' नावाचं ताजं, आपल्या पनीरच्या जवळ जाणारं चीज असतं. अमेरिकेत त्याची जागा अनेक ठिकाणी चेडर चीजने घेतली, कारण दुकानात तेच सहज मिळायचं. मग चेडरवाली पिरोगी वारसा आहे की भेसळ?

संशोधक म्हणून याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं द्यायचं नाही. व्याख्या ठरवायची आणि ती आधीच लिहून ठेवायची. वारसा म्हणजे (अ) मूळ देशातल्या पाककृतीशी साम्य, (आ) कुटुंबात पिढीकडून पिढीकडे आलेली पद्धत, की (इ) गिऱ्हाईक ज्याला वारसा मानतं ते? तीनही व्याख्या चालतात, पण प्रत्येकीसाठी लागणारा डेटा वेगळा. (अ) साठी जुनी पाकपुस्तकं लागतील, (आ) साठी मुलाखती, (इ) साठी सर्वेक्षण. तीनही एकत्र कालवल्या की व्हायव्हामध्ये फजिती ठरलेली.

पायरी ३: 'आजीच्या हाताची चव' प्रयोगशाळेत

मी मूळची मायक्रोबायोलॉजीवाली, त्यामुळे हा भाग माझ्या आवडीचा. पोलिश स्वयंपाकात आंबवलेला कोबी फार महत्त्वाचा. बारीक चिरलेल्या कोबीला साधारण २ ते २.५ टक्के मीठ चोळून दाबून ठेवतात. बाहेरून विरजण घालावं लागत नाही. कोबीवरचेच जिवाणू कामाला लागतात. सुरुवातीला ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइड्स वाढतो, तो आम्लाबरोबर कार्बन डायऑक्साइड आणि चवीची इतर संयुगंही तयार करतो. आम्लता वाढली की तो मागे पडतो आणि जास्त आम्ल सोसणारा लॅक्टोबॅसिलस प्लांटारम (नवीन वर्गीकरणात लॅक्टिप्लांटिबॅसिलस) पुढचं काम उरकतो. हे सगळं १८ अंश सेल्सिअसच्या आसपास सावकाश झालं तर चव चांगली येते. तापमान बरंच वाढलं की पहिला टप्पा आखूड होतो आणि चव नुसती आंबट होते.

आता विचार करा. एखादी आजी म्हणते, "माझ्या सुनेच्या हाताला ती चव नाही." सून तेच मीठ, तोच कोबी वापरते. पण आजीचं भांडं थंड तळघरात असायचं आणि सुनेचं गरम स्वयंपाकघरात आहे. मग ती चव हाताची होती की तळघराची? ज्याला आपण कौशल्य म्हणतो त्यात एखादा न मोजलेला घटक लपलेला असू शकतो, आणि तो शोधणं हे संशोधनाचं काम. यात आजीचा अपमान नाही. उलट तिने अनुभवाने जे पकडलं होतं, ते पुढच्या पिढीला सांगता येईल अशा शब्दांत आणणं, ही तिच्या ज्ञानाची कदरच आहे.

आणि चव खरंच वेगळी आहे का, हे कसं तपासायचं? त्यासाठी 'ट्रँगल टेस्ट' असते. माणसासमोर तीन नमुने ठेवायचे: दोन एकाच प्रकारचे, एक वेगळा. वेगळा कोणता ते ओळखायचं. नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता १/३. म्हणजे ३० जणांपैकी सरासरी १० जण उगाचच बरोबर येतील. ५ टक्के पातळीवर 'फरक कळतो' असं म्हणायला किमान १५ जण बरोबर यावे लागतात. १४ आले तर? तर 'फरक कळतो असं दाखवता आलं नाही' एवढंच लिहायचं. 'फरक नाही' असं लिहायचं नाही. ही दोन वाक्यं सारखी वाटतात, पण सारखी नाहीत.

पायरी ४: 'तिसऱ्या पिढीत धंदा बुडतो' हा आकडा आला कुठून?

कौटुंबिक व्यवसायावरच्या भाषणांत एक आकडा फार फिरतो: फक्त ३० टक्के धंदे दुसऱ्या पिढीपर्यंत पोचतात आणि १३ टक्के तिसऱ्या पिढीपर्यंत. याचा माग काढत मागे गेलं की आपण पोचतो जॉन वॉर्ड यांच्या १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासापाशी. तो अभ्यास होता अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातल्या सुमारे २०० उत्पादक कंपन्यांचा. हॉटेलांचा नाही, साऱ्या अमेरिकेचा नाही, जगाचा तर नाहीच.

त्यात आणखी दोन गोष्टी आहेत. एक, मूळ निष्कर्ष तिसरी पिढी 'पार करण्याचा' आहे, तिसऱ्या पिढीपर्यंत 'पोचण्याचा' नाही. एका शब्दाच्या फरकाने काही दशकं इकडची तिकडे होतात. दोन, चांगल्या किमतीला विकलेली कंपनीही 'कुटुंबाकडे राहिली नाही' या बाजूला जाते. आता एखाद्या कुटुंबाने धंदा विकून मुलांना हवं ते शिकू दिलं, तर ते बुडाले का?

शिवाय तुलना कशाशी? कुटुंबाच्या मालकीच्या नसलेल्या कंपन्या तेवढ्याच काळात किती टिकल्या, हे शेजारी ठेवल्याशिवाय १३ टक्के कमी की जास्त ते ठरत नाही. म्हणून एक नियमच करा: जो आकडा सगळे सांगतात, त्याचा मूळ पेपर आपण स्वतः उघडायचा.

पायरी ५: 'संपलं' म्हणजे काय?

आता आपल्या हॉटेलाकडे परत येऊ. समजा तुम्ही १०० स्थलांतरित कुटुंबांच्या हॉटेलांचं 'सर्व्हायव्हल ॲनालिसिस' करताय. या पद्धतीत प्रत्येक हॉटेलासमोर दोन गोष्टी लिहितात: किती वर्षं चाललं, आणि बंद पडलं की नाही. तुमचा अभ्यास डिसेंबर २०१९ ला थांबला असता, तर आपल्या हॉटेलासमोर आलं असतं: '९६ वर्षं, सेन्सर्ड', म्हणजे अभ्यास संपला तेव्हा ते चालू होतं. तोच अभ्यास डिसेंबर २०२० ला थांबला तर: '९७ वर्षं, घटना घडली'. तीच पिरोगी, तेच कुटुंब, एका वर्षाने रकाना बदलला. आणि त्या रकान्याला तुम्ही 'अपयश' असं नाव दिलं असेल, तर तीन पिढ्यांनी चालवलेलं हॉटेल तुमच्या तक्त्यात सहा महिन्यांत दिवाळं निघालेल्या दुकानाच्या पंक्तीला बसतं.

यावर उपाय आहे. 'बंद' आणि 'अपयश' वेगळे ठेवा. बंद होण्याची कारणंही वेगळी नोंदवा: कर्ज, विक्री, मालकांची निवृत्ती, वारस नसणं, वारस असून त्याला नको असणं, किंवा साथीसारखा बाहेरचा धक्का. अशी वेगवेगळी कारणं एकमेकांशी स्पर्धा करतात असं धरून विश्लेषण करण्याची पद्धत आहे, तिला 'कॉम्पिटिंग रिस्क्स' म्हणतात.

पायरी ६: तुलनेला कोण?

एकाच केसवरून कारण सांगता येत नाही. म्हणून जवळची पण वेगळी केस शोधायची. पेनसिल्व्हेनियातलं शेनँडोआ हे कोळशाच्या खाणींचं गाव. तिथेही पोलिश आणि लिथुआनियन कामगार होते. तिथल्या मेरी ट्वार्डझिक चर्चच्या मदतनिधीसाठी पिरोगी करून विकायच्या. कॅथलिक लोक लेंटच्या शुक्रवारी मांस खात नाहीत, म्हणून बटाटा-चीजच्या पिरोगीला मागणी असायचीच. त्यांचा मुलगा टेड याने १९५२ मध्ये आईच्या स्वयंपाकघरातून पिरोगी बनवून दुकानांना विकायला सुरुवात केली. आईच्या आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून ब्रँड झाला 'मिसेस टीज'. पुढे यंत्रं आली, पिरोगी फ्रोझन झाली, आणि आज ही कंपनी वर्षाला ५० कोटींहून जास्त पिरोगी बनवते.

म्हणजे सुरुवातीचं भांडवल एकच, आईचा स्वयंपाक. एका कुटुंबाने तो एका जागेत ठेवला आणि लोक तिथे आले. दुसऱ्याने तो पाकिटात घातला आणि लोकांच्या घरी पाठवला. पहिल्या पद्धतीत मालकाला रोज गल्ल्यावर उभं राहावं लागतं, नातवंडांनाही. दुसरीत कृती यंत्राच्या भाषेत लिहावी लागते आणि घरातलं माणूस नसलं तरी चालतं. 'कौटुंबिक ज्ञान माणसात राहतं की यंत्रात, यावर धंद्याचं आयुष्य अवलंबून असतं का?' बघा, हा झाला प्रश्न. विषयातून निघालेला, तपासता येणारा, आणि उत्तर 'नाही' आलं तरी छापण्याजोगा.

तुलनेसाठी तिसरी केस आपल्या कोल्हापूरजवळ आहे, पण ती जपून वापरायची. १९४३ ते १९४८ या काळात वळीवडे इथल्या छावणीत सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते. त्यांत मुख्यतः बायका आणि मुलं होती. सोव्हिएत संघात हद्दपार केलेले हे लोक इराणमार्गे इथे पोचले होते. स्वयंपाक येणारी माणसं होती, तोच वारसा होता. पण ही वस्ती तात्पुरती होती. युद्धानंतर हे लोक ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशा देशांत विखुरले. तेव्हा तीन पिढ्यांचं हॉटेल इथे उभं राहायला वेळच नव्हता. यावरून एवढंच कळतं की वारसा ही एक अट झाली. कायमची वस्ती, स्वतःची जागा, पगार हातात असलेलं गिऱ्हाईक या बाकीच्या अटी. फक्त यशस्वी हॉटेलांकडे पाहिलं असतं तर त्या दिसल्याच नसत्या, कारण तिथे त्या आधीच पूर्ण झालेल्या असतात. फक्त टिकलेल्यांना मोजण्याच्या या चुकीला 'सर्व्हायव्हरशिप बायस' म्हणतात.

तुमच्यासाठी गृहपाठ

आपल्या भागातलं एक जुनं खाद्यगृह निवडा, चालू किंवा बंद. मग एका पानावर लिहा:

१. ते 'संपलं' असं कोणकोणत्या तीन अर्थांनी म्हणता येईल?
२. प्रत्येक अर्थासाठी कुठला कागद, कुठली मुलाखत किंवा कुठलं मोजमाप लागेल?
३. तुमचं म्हणणं खोटं ठरवेल असा पुरावा कोणता?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सुचत नसेल तर गाईडकडे जाऊ नका, अजून एक आठवडा घ्या.

आणि मुलाखतीला जाल तेव्हा एक लक्षात ठेवा. गल्ल्यामागचा माणूस तुमच्या तक्त्यातली एक ओळ आहे, पण त्याच्यासाठी ते त्याचं घर आहे. "धंदा का बंद पडला?" असं विचारलंत तर तो कारणं देत बसेल. "शेवटची काही वर्षं कशी गेली?" असं विचारलंत तर कदाचित तो सांगेल की मुलगी डॉक्टर झाली, गुडघे दुखत होते, आणि एक दिवस सगळ्यांनी मिळून ठरवलं. तुमच्या फॉर्ममध्ये हे लिहायला रकाना ठेवलाय का, तेवढं जायच्या आधी तपासा.

पुढच्या लेखात सेन्सर्ड डेटा कागद-पेन्सिलने सोडवून दाखवते. कॅल्क्युलेटर जवळ ठेवा.